मोठी आई ऐकत होती

मला लहानाची मोठी करणारी मोठी आई निरक्षर होती. माझं वाचन मात्र तिच्याइतकं काटेकोरपणे पुढे कुणीच तपासलं नाही. शाळेतल्या गुरुजींनी नाही, डी.एड.च्या सरांनी नाही, शाळा तपासायला येणाऱ्या साहेबांनीही नाही. जिल्हा परिषदेच्या शाळांमध्ये माझी सगळी नोकरी झाली. त्या काळात मुलांना वाचायला शिकवण्याचं जे काही मला जमलं, त्यातलं बरंचसं मी आंधळगावच्या एका सपरीत, कोशांच्या उकळत्या गंजाशेजारी बसून शिकले होते. हे ऋण फिटायचं नाही हे मला ठाऊक आहे. पण ते नेमकं कशाचं आहे एवढं तरी मांडून ठेवावं, असं हल्ली सारखं वाटतं. मुलांवर माया किती करावी आणि त्यांच्याकडून मागावं किती, हा प्रश्न घेऊन आईबाप माझ्याकडे येतात, तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे तीच येते.

आंधळगाव हे भंडारा जिल्ह्यातल्या मोहाडी तालुक्यातलं कोष्ट्यांचं गाव. भंडारा म्हटलं की बाहेरच्या माणसाला पितळेची भांडी आठवतात, नाहीतर धान आणि तलाव. पण आमच्या गावाची ओळख कोशाची, म्हणजे कोसा रेशमाची. ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर वाढणाऱ्या अळ्यांचे ते टणक, करड्या रंगाचे कोष जंगलपट्ट्यातून गावात यायचे. ते वाढवणारे बहुतेक ढिवर समाजाचे लोक. गावातल्या बाया कोष उकळून सूत काढायच्या आणि पुरुष मागावर बसायचे. करवतकाठी लुगड्याचा काठ विणायला तीन धोटे लागतात, दोन काठांचे दोन आणि मधल्या अंगाचा एक. काठावरचे ते करवतीसारखे दाते एका रेषेत आले नाहीत तर व्यापारी लुगडं बाजूला सारतो. आमच्या घरात चुकीची किंमत लहान मुलालाही कळायची, कारण ती संध्याकाळच्या ताटात दिसायची.

माझे बाबा तुमसर तालुक्यातल्या मॅंगनीजच्या खाणीत कामाला होते. खाणीच्या क्वार्टरमध्ये आई, बाबा आणि धाकटी भावंडं राहायची. मी पहिल्यापासून मोठ्या आईच्या अंगाखांद्यावर वाढलेली, म्हणून आंधळगावलाच राहिले. मला तिथे ठेवायचं असं कुणी बसून ठरवलं नव्हतं. तिचे यजमान मोठे बाबा मागावर, मोठी आई सुतावर आणि मी शाळेत, अशी आमची दिवसाची वाटणी होती.

कोशाचं सूत तेव्हा मांडीवर काढत. ते काम मी रोज जवळून पाहिलं आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते. कोष सोड्याच्या पाण्यात उकळून मऊ करायचे. जुन्या बाया सोड्याऐवजी राख घालायच्या. वास असा की नवख्या माणसाला मळमळावं. मऊ झालेल्या कोशावरचा गुंता काढला की तंतूचं टोक हाती लागतं. चार-पाच कोशांची टोकं एकत्र घ्यायची, उघड्या मांडीवर ठेवून तळहातानं घासत पीळ द्यायचा आणि दुसऱ्या हातातल्या लाकडी चौकटीवर तयार सूत गुंडाळत जायचं. एखादा कोष संपत आला की त्याच क्षणी दुसऱ्याचं टोक जोडायचं, नाहीतर सूत बारीक पडतं. मोठ्या आईच्या मांडीची कातडी घासून घासून काळपट आणि निबर झाली होती. पुढे केंद्रीय रेशीम मंडळानं 'बुनियाद' नावाची यंत्रं आणली, मांडीवर सूत काढणं थांबावं म्हणूनच. तिच्या उमेदीच्या वयात ती यंत्रं आली असती तर किती बरं झालं असतं, असं मला फार वाटतं.

रात्री जेवणं झाली की ती सूत काढायला बसायची आणि मी तिच्यासमोर बालभारतीचं पुस्तक उघडून बसायचे. जेवण मात्र आधी. "पयले जेव, मंग वाच," हे रोजचं. भात, लाखोरीची भाजी, कधी वांग्यात घातलेले झिंगे, जे असेल ते माझ्या ताटात आधी पडायचं. मी पोटभर जेवले का हे ती विचारायची नाही, ताटाकडे पाहून ओळखायची. मग माझ्या डोक्याला तेल लावायची आणि केस विंचरता विंचरता पाढे म्हणवून घ्यायची. पाढे तिला तोंडपाठ होते, कारण सुताचा आणि मजुरीचा हिशेब तिच्याकडे असायचा. अक्षर मात्र एकही ओळखत नव्हती.

मी वाचायला लागले की तिचा हात मांडीवर चालू असायचा. मी अडखळले, शब्द गिळला किंवा ओळ सोडून पुढे गेले, की हात थांबायचा. ती काही बोलायची नाही आणि वरही पाहायची नाही. सूत तसंच तिच्या मांडीवर अर्धवट पिळलेलं राहायचं. मी मागे जाऊन ती ओळ नीट वाचली की हात पुन्हा सुरू. ओळ सुटली हे निरक्षर बाईला कसं कळतं, याचं मला फार नवल वाटायचं. पुढे माझ्या वर्गातली मुलं माझ्यासमोर वाचायला लागली तेव्हा उमगलं. ज्याला अर्थ कळतो आहे त्याचा आवाज वेगळा पडतो, नुसती अक्षरं ओढणाऱ्याचा वेगळा. मोठी आई तो फरक ऐकत होती. त्यासाठी तिला अक्षरांची गरज नव्हती, लक्षाची होती. आणि ते तिनं मला सगळं दिलं, तेही दिवसभराच्या कामानंतर, उजेड अपुरा असताना.

वाचून झालं की खरी परीक्षा सुरू व्हायची. "मले समजलं नाई. पुना सांग."

एकदा विज्ञानाच्या पुस्तकातली बाष्पीभवनाची व्याख्या मी घडाघडा म्हणून दाखवली. तिनं ती ऐकून घेतली आणि नेहमीचं वाक्य म्हणाली. मी पुन्हा तीच व्याख्या म्हटली, जरा मोठ्यानं. ती म्हणाली, "मले नाई समजलं. तुले समजलं का?" मी हो म्हटलं. "मंग या गंजातलं पानी कमी होते, ते कुठं जाते?" मी गंजाकडे पाहिलं. रोज संध्याकाळी पाहत असलेली ती वाफ मला पहिल्यांदाच पुस्तकातल्या ओळीशी जोडता आली. मी अडखळत, माझ्या शब्दांत सांगत गेले. पाणी तापलं की त्याची वाफ होते, वाफ वर हवेत जाते, म्हणून गंजातलं कमी होतं. "आन् तापवलं नाई तं? आंगनातलं ओलं लुगडं वारते, ते कसं?" ते मला येत नव्हतं. "उद्या गुरुजीले विचार आन् मले येऊन सांग." दुसऱ्या दिवशी विचारून आले आणि सांगितलं. त्या रात्री तिचा हात बराच वेळ थांबला नाही, ही माझी त्या वर्षीची सगळ्यात मोठी कमाई होती.

शिकलेल्या आईबापांना हे जमत नाही, कारण त्यांना उत्तर आधीच ठाऊक असतं. ते मूल बोलायच्या आत सांगून टाकतात, किंवा चूक सापडली की तिच्यावर झडप घालतात. मोठ्या आईला खरोखरच समजून घ्यायचं असायचं. मी तिला काहीतरी देते आहे, ही भावना त्यामुळे मला आली. नऊ-दहा वर्षांच्या मुलीला घरातल्या कर्त्या बाईला काही समजावून सांगता येतं, यापेक्षा मोठा मान कोणता?

कांड्या भरण्याचंही असंच. मागाच्या धोट्यात घालायच्या कांडीवर सूत सैल भरलं की विणताना ते अडकतं, तुटतं आणि विणणाऱ्याचा हात मोडतो. शाळेतून आल्यावर कांड्या भरणं हे माझं काम. मोठे बाबा मायाळू माणूस. सैल कांडी निघाली तर गुपचूप बाजूला ठेवायचे आणि स्वतःच भरून घ्यायचे. "लेकरू आहे, राहू दे," एवढंच म्हणायचे. बाजाराच्या दिवशी माझ्यासाठी खिशातून गोडीशेव निघायची ती त्यांच्याच. त्यांचं ऋण मी लहान मानत नाही. रात्री मोठी आई माझं वाचन लांबवायला लागली की "आता झोपू दे तिले" हे तेच म्हणायचे आणि कधी कधी मोठी आई ते ऐकायची. तशा घरात लेकराला जरा मोकळा श्वास मिळतो. पण बाजूला ठेवलेली ती सैल कांडी मोठ्या आईला दिसली की ती माझ्यासमोर आणून ठेवायची. "उकल. पुना भर." मग माझ्याशेजारी बसायची, एक रिकामी कांडी घ्यायची आणि तिची ती भरायला लागायची, माझ्या वेगानं, मला तिची बोटं दिसतील अशी. स्वतःचं काम टाकून. माझी पुन्हा सैल झाली तर म्हणायची, "उद्या जमन." तुले येत नाही, असं ती कधी म्हणाली नाही. आणि चालते, असंही कधी म्हणाली नाही.

चौथीच्या शिष्यवृत्ती परीक्षेला तिनंच मला बसवलं. त्या काळी ती परीक्षा चौथी आणि सातवीला असायची. पुढे २०१६-१७ पासून काही वर्षं ती पाचवी आणि आठवीला होती. आमच्या वस्तीतून मुलीला त्या परीक्षेला बसवणं हे जरा नवलाचंच होतं. शेजारच्या बाईंनी सपरीत बसून विचारलंही, पोरीच्या जातीला एवढं कायले? मोठी आई म्हणाली, "पोरगी माही आहे. तिले का जमते ते मले माईत आहे." परीक्षेच्या दिवशी ती माझ्याबरोबर यष्टीनं आली आणि शाळेच्या आवाराबाहेर झाडाखाली बसून राहिली. दोन पेपरांच्या मधल्या सुट्टीत मी बाहेर आले तेव्हा तिनं पेपर कसा गेला हे विचारलं नाही. डबा उघडला, हात धुवायला पाणी दिलं आणि मी जेवत असताना पदरानं वारा घातला. सूत काढायचा एक अख्खा दिवस तिनं त्यासाठी मोडला होता, आणि आमच्या घरात दिवस मोडणं म्हणजे काय ते मला कळत होतं.

निकालात माझं नाव नव्हतं.

त्या संध्याकाळचा मी आजवर पुष्कळदा विचार केला आहे, शिक्षक म्हणून आणि आई म्हणूनही. मोठी आई रागावली नाही. पण माझी समजूत काढायला काही गोडधोडही केलं नाही, परीक्षाच वाईट होती असंही म्हणाली नाही. भात वाढला, डोक्याला तेल लावलं, पाढे म्हणवून घेतले आणि म्हणाली, "काढ पुस्तक." मला रडू आलं तर तिनं रडू दिलं, पाठीवर हात ठेवून. रडणं थांबल्यावर पुस्तक उघडावंच लागलं. मधेच तिनं एवढंच विचारलं, "सातवीतबी असते ना ते परीक्षा?" त्या दिवशी तिच्या वागण्यात इकडचं तिकडे झालं नाही, मायेत नाही आणि मागण्यातही नाही. मी नापास ठरले म्हणून माझ्या ताटातलं कमी झालं नाही. आणि मी नापास ठरले म्हणून माझ्याकडून होण्यासारखं आता थोडंच आहे, असंही तिनं धरलं नाही. या दोनपैकी पहिली गोष्ट आपण प्रेमळ आईबापांकडून शिकतो. दुसरी फार कमी घरांत असते. सातवीत मला शिष्यवृत्ती मिळाली. तेव्हाही काही वेगळं घडलं नाही, संध्याकाळी पुस्तक होतंच.

याच सुमारास मी माझ्या एका मैत्रिणीच्या घरी जायला लागले. तिचं घर बौद्ध वस्तीत. तिचे आजोबा १९५४च्या भंडारा पोटनिवडणुकीत बाबासाहेब आंबेडकरांच्या प्रचाराला पायी हिंडले होते. तो दुहेरी मतदारसंघ होता, एक जागा राखीव आणि एक सर्वसाधारण, आणि प्रत्येक मतदाराला दोन मतं. आजोबा आम्हा मुलींना सांगायचे की दुसरं मत दिलंच नाही तर बाबासाहेबांचा फायदा होईल असं काही कार्यकर्त्यांना वाटत होतं. पण मत वाया घालवायचं नाही, असं बाबासाहेबांनी बजावलं. सर्वसाधारण जागेवर अशोक मेहता निवडून आले आणि बाबासाहेब राखीव जागेवर हरले. लोकसभेसाठी त्यांनी लढवलेली ती शेवटची निवडणूक. आजोबा ही गोष्ट सांगताना हळवे व्हायचे, पण त्यांच्या बोलण्यात तक्रार कधी नसायची. ज्या माणसावर आपण जीव ओवाळून टाकतो त्यानं आपल्याकडून सोपं काही न मागता अवघड मागितलं, याचा त्यांना अभिमान होता. माझ्या मैत्रिणीला घरात अभ्यास कर म्हणून कुणी ओरडत नसे. भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या तसबिरीखाली तिनं पाटी घेऊन बसायचं, आणि आजोबांनी तिच्याशेजारी. एका मुलीच्या शिकण्यात अख्ख्या वस्तीचा जीव गुंतलेला असतो, हे मी तिथे पाहिलं. ते ओझं मोठं होतं, पण तिला ते एकटीनं उचलावं लागत नव्हतं.

शाळेत मात्र छडी होती. आमच्या पिढीतल्या कुणालाही याचं वेगळं वर्णन सांगायला नको. शिक्षण हक्काच्या २००९च्या कायद्यानं मुलांना शारीरिक शिक्षा आणि मानसिक त्रास देण्यावर बंदी आली, तोवर माझी निम्म्याहून अधिक नोकरी झाली होती. छडीचे समर्थक तेव्हा साने गुरुजींचा दाखला द्यायचे. नाशिकच्या तुरुंगात १९३३च्या फेब्रुवारीत, अवघ्या काही दिवसांत लिहून झालेल्या 'श्यामची आई'त पोहायला जायला घाबरणाऱ्या श्यामला आई शिमटीनं मारून विहिरीवर पाठवते, आणि तो पोहून आल्यावर त्याला जवळ घेते, हे सगळ्यांना आठवतं. मला ते पुस्तक प्राणाहून प्रिय आहे. पण त्यातला मार उचलायचा आणि बाकीची आई सोडून द्यायची, ही सोयीची वाटणी मला कधी पटली नाही. श्यामच्या आईचा सगळा दिवस त्या मुलात होता. दिवसभरात मुलाशी दोन वाक्यं न बोलणाऱ्या माणसाला तिचा दाखला देण्याचा अधिकार नाही. आणि मोठ्या आईनं मला न मारता त्याच विहिरीत उतरवलं, हेही मला सांगायचं आहे.

माझी पहिली नेमणूक साकोली तालुक्यातल्या एका गावात झाली. तलावाकाठचं गाव, धानाच्या बांध्या, पलीकडे जंगल. रोवणीच्या दिवसांत वर्ग निम्मा व्हायचा, तेंदूपत्त्याच्या हंगामात आणखी कमी. तिथे मला छडीपेक्षा वेगळी आणि ओळखायला अवघड गोष्ट भेटली. माझ्याआधीपासून तिथे असलेले एक शिक्षक फार मायाळू होते. मुलांना खाऊ आणायचे, आजारी मुलाला सायकलवर दवाखान्यात न्यायचे. पण चौथीतल्या मुलाला जोडाक्षरं वाचता येत नाहीत म्हटलं की हळहळायचे. "बिचारी लेकरं. आईबाप मजूर, घरी कोण घेणार अभ्यास? आलीत शाळेत हेच खूप." त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. तरी त्या 'हेच खूप'मध्ये त्या मुलांचं भविष्य मिटवून टाकलेलं होतं. माझ्याही आईबापांच्या हातात मजुरीच होती. मोठ्या आईनं माझ्याबद्दल हेच खूप म्हटलं असतं तर मी आज कुठे असते?

नोकरी करता करता मी बी.एड. केलं, तेव्हा एका पुस्तकात जुडिथ क्लेनफेल्ड यांच्या कामाची माहिती वाचली. अलास्कातल्या दूरच्या खेड्यांतून एस्किमो आणि अमेरिकन इंडियन समाजांची मुलं शहरातल्या शाळांत यायची आणि वर्गात गप्प बसायची. कोणत्या शिक्षकांच्या वर्गात ती बोलायला आणि शिकायला लागतात हे पाहून क्लेनफेल्ड यांनी १९७५ साली लिहिलं. जे शिक्षक नुसते विषयात हुशार आणि दूरस्थ होते त्यांच्याकडे ही मुलं मिटून गेली. जे दयाळू होते पण काही मागत नव्हते, त्यांच्याकडे मुलं खूश होती, पण शिकली नाहीत. ज्यांनी आधी जवळीक केली, शेजारी बसले, आणि मग नेटानं कामाची मागणी केली, त्यांच्याकडे ती फुलली. डायना बॉमरिंड यांनी त्याच्या आधी, साठच्या दशकात, कॅलिफोर्नियात घरांचा अभ्यास करून पालकांबद्दल साधारण हेच सांगितलं होतं. ते आमच्या अभ्यासक्रमात तक्त्याच्या रूपात होतं आणि आम्ही पाठही केलं होतं. पण अलास्काची ती खेड्यातली मुलं वाचताना मला साकोलीचा माझा वर्ग दिसला, आणि बर्फाच्या त्या मुलखात मला मोठ्या आईसारख्या बसलेल्या बाया दिसल्या.

त्या वर्गात ढिवरांचा एक मुलगा होता. वाचायला उभं केलं की मान खाली. मी त्याला उभं करणं बंद केलं. मधल्या सुट्टीत त्याच्याशेजारी जमिनीवर बसले आणि तो वाचताना पुस्तकाकडे न पाहता नुसतं ऐकायला लागले. हातात काहीतरी काम ठेवायचे, वहीला कव्हर घालणं किंवा असंच काही, कारण टक लावून पाहिलं की तो अंग चोरायचा. अडखळला की माझा हात थांबायचा. धड्यात तलावातल्या माशांबद्दल होतं. वाचून झाल्यावर मी मला समजलं नाही म्हटलं. पुस्तक बाजूला ठेवून त्यानं मला जाळं कुठे लावतात, पाणी गढूळ झालं की मासा कुठे सरकतो, हे सांगितलं. पंधरा मिनिटं अखंड बोलला. मला ते खरंच माहीत नव्हतं. मग मी म्हटलं, आता हेच लिहून आण. त्यानं चार ओळी लिहून आणल्या, त्यातल्या तीन पुन्हा लिहायला लावल्या. तो हसत हसत परत लिहायला बसला. मोठ्या आईनं मला जे दिलं ते माझ्या हातून दुसऱ्याकडे जाऊ शकतं, याची खात्री मला त्या दिवशी पटली.

आता भंडारा आणि साकोलीतही शिकवण्यांच्या पाट्या सगळीकडे दिसतात. नीटची तयारी सहावीपासून. काही आईबाप माझ्यासमोर मुलाच्या गुणांचा तक्ता मांडतात आणि मूल शेजारी खुर्चीत खाली पाहत बसलेलं असतं. काही अगदी उलटे. ते सांगतात की आम्ही त्याला काहीच बोलत नाही, ताण येतो म्हणे मुलांना. दोन्ही घरांत मुलावर प्रेम आहे, त्याबद्दल मला शंका नाही. मी त्यांना विचारते की तुमचं मूल सध्या काय शिकतं आहे ते तुम्हाला समजावून सांगतं का? बहुतेकांना हा प्रश्न गुणांचा वाटतो आणि ते पुन्हा तक्ता पुढे करतात. मग मी त्यांना आंधळगावची गोष्ट सांगते. लाड किती आणि शिस्त किती, असे दोन हिशेब मोठ्या आईकडे नव्हते. ती माझ्याशेजारी बसायची आणि त्या बसण्यात दोन्ही होतं. रोज रात्री थोडा वेळ, फोन दूर ठेवून, मुलाचं बोलणं समजून घेण्यासाठी ऐकायचं, एवढंच मी त्यांच्याकडे मागते. हे सोपं नाही, दिवसभर राबून आलेल्या माणसाला तर मुळीच नाही. पण राबून आलेल्या बाईनंच ते केलेलं मी पाहिलं आहे.

राष्ट्रीय साक्षरता मिशन १९८८ साली सुरू झालं, आणि पुढे काही वर्षांनी प्रौढांचे वर्ग आमच्या भागातही भरू लागले. मोठी आई तेव्हा म्हातारी झाली होती, सूत काढणं कमी झालं होतं. वर्गाला जायला ती तयार नव्हती. मला म्हणाली, "तू शिकव." मी सुट्टीत गेले की आम्ही दोघी सपरीत बसायचो. तिची बोटं जन्मभर कोशाच्या तंतूवर चाललेली, त्यांना पाटीवरची लेखणी जड जायची. पहिलं पुस्तक संपत आलं तेव्हा मी तिला म्हटलं, तुझ्या मनानं एखादा शब्द लिही. तिनं बराच वेळ घेऊन पाटीवर लिहिलं आणि माझ्यापुढे धरलं. तिला 'कोसा' लिहायचं होतं. मात्रा राहिली होती, 'कासा' झालं होतं. तिचा हात थरथरताना मी पाहिला होता. मी म्हटलं, "छान आलं, मोठी आई. चालेल."

ती माझ्याकडे पाहत राहिली. "चालेल कायले मनतेस? बरोबर आहे का नाई, ते सांग."

मी तिला मात्रा सांगितली. तिनं तळहातानं पाटी पुसली आणि पुन्हा लिहिलं. या वेळी मात्रा आली, पण ती 'सा'वर जाऊन बसली. तेही मी सांगितलं.